तिसऱ्या दिवशी मागून चालायचं

"काय हो, ती सायकल तुमची आहे का?"

आवाज वरून आला. सीटवरचा बर्फ हातमोज्याने पुसता पुसता पोस्टमनने मान वर केली. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक गृहस्थ कमरेपर्यंत बाहेर आले होते. गळ्यात मफलर, हातात चहाचा कप आणि चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद.

"नाही," पोस्टमन म्हणाला.

"मग पुसताय कशाला?"

"रंग बघतोय."

"रंग?"

"लाल आहे का, तेवढंच बघायचंय."

गृहस्थांनी आत वळून कुणाला तरी हाक मारली. "अगं, इकडे ये. एक आजोबा सायकलींचे रंग बघत फिरताहेत."

आतून बाईचा आवाज आला. "बघू देत की. पुसून तरी देताहेत फुकट. आपली त्या खांबापाशी आहे, म्हणावं."

सायकल निळी निघाली. आधीच्या तीन काळ्या होत्या, आणि एक ढिगारा उपसल्यावर खाली सायकल नव्हतीच, लहान मुलाची घसरगाडी होती. पोस्टमनने हात झटकले आणि चौकाच्या मधोमध असलेल्या घड्याळाकडे पाहिले. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. चार वाजता डोळ्यांच्या रुग्णालयातला दिवसाचा विभाग बंद होणार होता. तिथे त्याची मुलगी कोट घालून, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली असणार, आणि तिला घेऊन जाणारे माणूस म्हणून कागदावर एकाच माणसाचे नाव होते. ते माणूस इथे सायकली पुसत होते.

मुलगी उत्तरेकडच्या या शहरात राहायला आली त्याला अकरा वर्षे झाली होती. दातांच्या कारखान्यात ती कृत्रिम दात घडवायची. एकेक दात हातात धरून, भिंगाखाली घासून, शेजारच्या दाताशी रंग जुळवून. सगळे काम डोळ्यांचे. त्यातही एकाच डोळ्याचे, कारण डाव्या डोळ्याने तिला लहानपणापासूनच अंधुक दिसायचे. आता उजव्या डोळ्याच्या पडद्याला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया तासाभराची आहे, संध्याकाळी घरी जाता येईल. फक्त घरचे माणूस न्यायला आले पाहिजे, ते नसेल तर आम्ही सोडत नाही. चारपर्यंत कुणी आले नाही तर गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात रात्रभर ठेवतात.

"तिथे नको बाई," मुलगी म्हणाली होती. "काही दिसत नाही, कुणी ओळखीचं नाही. आणि गाडीचे धक्के वेगळेच."

फोनवर तिच्या भावाने वेगळाच मार्ग सुचवला. "पुढे ढकल. महिन्याभराने मला रजा मिळेल, मी येतो."

"डॉक्टर म्हणतात थांबू नका. आणि बाबा आहेत ना इथे."

"बाबा? अगं, बाबा म्हणजे पार्सल आहे. हातात द्यायचं आणि हातात घ्यायचं. एकटं कुठे सोडू नकोस त्यांना."

फोनचा आवाज मोठा होता. नुकताच गावाहून तिच्याकडे आलेला पोस्टमन शेजारच्या खोलीत मोजे वाळत घालत होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने हजारो पार्सले पोचवली होती. आपण स्वतः त्यांच्यात जमा होऊ, हे त्याच्या कधी मनात आले नव्हते.

जेवताना तो म्हणाला, "भिंगरे, मला तो रस्ता शिकव."

मुलगी लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून ती भिंगरी. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती, पण नाव तसेच राहिले होते.

"शिकवू? तात्यांसारखा?" तिने विचारले आणि दोघे हसले.

तात्या म्हणजे पोस्टमनला पोस्टमन करणारे जुने पोस्टमन. टपालाच्या कामात प्रत्येकाला ठरलेला भाग वाटून दिलेला असतो, त्याला बीट म्हणतात. बीट पुस्तकातून शिकता येत नाही, ती पायांनीच शिकावी लागते. तात्यांची रीत तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी जुना माणूस पुढे चालणार आणि नवा मागे. दुसऱ्या दिवशी दोघे बरोबरीने. तिसऱ्या दिवशी नवा पुढे आणि जुना मागे. त्या दिवशी जुन्याने अवाक्षर काढायचे नाही. नवा चुकला तरी नाही, भलत्याच गल्लीत शिरला तरी नाही. "चूक दुसऱ्यानं दाखवली की ती त्याची होते," तात्या म्हणायचे. "आपल्याला सापडली तर आपली होते. मग ती जन्मभर पुरते."

पोस्टमन आपल्या तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी चुकला होता. अख्खी गल्ली चुकीची चालला. तात्या मागून खोकत सुद्धा नव्हते. गल्लीच्या टोकाला भिंत आली तेव्हा तो वळला, परत आला आणि बीट पुरी केली. संध्याकाळी सायकलला कुलूप लावताना तात्या एवढेच बोलले, "उद्यापासून मी येत नाही." शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. पण ते वाक्य म्हणजेच प्रमाणपत्र, हे टपाल कचेरीत सगळ्यांना ठाऊक होते.

त्याप्रमाणे पहिल्या दिवशी मुलगी पुढे चालली. गल्ली उतरून बसचा थांबा, बसने पूल ओलांडायचा, घड्याळाच्या चौकात उतरायचे. त्या चौकातून पाच रस्ते हाताच्या बोटांसारखे फुटत होते. त्यातल्या एका रस्त्याने सात मिनिटे चालले की रुग्णालय. दुसऱ्या दिवशी दोघे बरोबरीने गेले. पोस्टमनने आपल्या जुन्या सवयीने खुणा धरल्या. रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब, खांबाला टेकवलेली लाल सायकल. पुढे हिरवे बाक. मग शिंप्याच्या दुकानात काचेआड उभी असलेली बिनडोक्याची पुतळी. मग तुटकी पायरी. मुलीने वाटेत कुठेसे बोट दाखवून "हे बघा, इथे नाव लिहिलंय" असे काहीतरी म्हटले होते, पण त्याने तिकडे पाहिले नाही. पोस्टमन आपल्या बीटवर रस्त्यांची नावे कधी वाचत नाही. त्याची नजर टपालपेटीच्या उंचीला असते, म्हणजे छातीच्या खाली.

तिसरा दिवस मात्र यायचाच राहिला. दुसऱ्या संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला. एका पेशंटचे रद्द झाले आहे, उद्या सकाळी आठला या. नाहीतर पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

सकाळी अंधारातच मुलगी निघाली. पोस्टमन बरोबर येतो म्हणाला, पण नातेवाइकांना तिथे दिवसभर थांबू देत नव्हते. दारात बूट चढवताना ती म्हणाली, "चारच्या आत या बाबा. शाळेसारखं करू नका."

शाळेत असताना सगळ्या मुलांना कुणी ना कुणी न्यायला यायचे आणि फाटकाशी ही एकटी उरायची. बीट संपल्याशिवाय पोस्टमन यायचा नाही. बाई विचारायच्या, "येणार आहेत ना गं तुझे बाबा?" ती ठसक्यात सांगायची, "येतात. पण सगळ्यांत शेवटी."

मुलगी गेली तेव्हा रस्ते कोरडे होते. दहा वाजता बर्फ पडायला लागला आणि दोन वाजेपर्यंत पडत राहिला.

पोस्टमन दोनच्या ठोक्याला बाहेर पडला. आधी टॅक्सीच्या थांब्यावर गेला. तिथे टॅक्सी नव्हती, नुसती पाटी होती, आणि पाटीवर टोपीसारखा बर्फ. मग बसच्या थांब्यावर. बस आली, पण अर्धा तास उशिरा, आणि पुलाच्या अलीकडेच थांबली.

"उतरा, उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "पुलावर गाडी घसरतेय."

"आणि आमची हाडं घसरली तर?" एका बाईने विचारले.

"हाडं तुमची आहेत बाई. गाडी कंपनीची आहे."

सगळे हसत, कुरकुरत उतरले. पोस्टमन कठड्याला धरून पूल चालत गेला. पलीकडे घड्याळाच्या चौकात पोचला आणि थबकला.

पाच रस्ते होते आणि पाचही पांढरे. बाके, पायऱ्या, कुंड्या, सगळ्यांवर एकच चादर ओढलेली. दुकाने लवकर बंद झाली होती, त्यांचे लोखंडी पत्रे खाली ओढलेले. बिनडोक्याची बाई कुठल्या पत्र्यामागे उभी आहे हे समजायला मार्ग नव्हता. वर सूर्य पाहावा तर इथला सूर्य दुपारी सुद्धा डोक्यावर येत नाही. उशिरा उठतो, छपरांच्या कडेकडेने घरंगळतो आणि चहाच्या वेळेला बुडतो. आज तर तो उगवला तरी होता की नाही, शंका होती. राहिली ती लाल सायकल. तिच्यासाठी पोस्टमनने ढिगारे पुसायला घेतले, आणि खिडकीतले गृहस्थ बाहेर डोकावले.

"आजोबा, तुम्हाला नेमकं जायचंय कुठे?" गृहस्थांनी आता जरा नरमाईने विचारले.

उत्तर पोस्टमनच्या ओठांवर आले होते. पण ते बाहेर पडेना. चौतीस वर्षे लोक त्याला पत्ते विचारत आले होते. नवे भाडेकरू, मुलीचे स्थळ बघायला आलेले पाहुणे, चुकलेले टांगेवाले, एकदा तर पोलीससुद्धा. त्याने कधी कुणाला विचारला नव्हता. तात्यांनी बजावलेले होते, "पोस्टमनच पत्ता विचारायला लागला, तर लोकांनी पत्रं कुणाच्या भरवशावर टाकायची?"

"इथेच," तो म्हणाला. "जवळच आहे."

"बघा बुवा," म्हणत गृहस्थांनी खिडकी लावून घेतली.

मग तो अंदाजाने एका रस्त्यात शिरला. शंभर पावले गेला, तुटकी पायरी लागेना. परत आला. दुसऱ्यात शिरला. तिथे रस्ता चढाला लागला, आणि रुग्णालयाच्या वाटेवर चढ नव्हता एवढे त्याच्या पायांना नक्की आठवत होते. पुन्हा चौक. तीन पंचवीस. दिवे लागायला सुरुवात झाली होती. त्याला मुलगी दिसली. रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांत बसलेली, दाराच्या प्रत्येक आवाजाला मान वळवणारी. आणि तिच्या भावाचा आवाज ऐकू आला. पार्सल.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दारातून एक बाई बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली, खांद्याला पिशवी. तिचा चेहरा दिसत नव्हता. पण डाव्या हातावर तिने पत्रांची जुडी आडवी धरली होती आणि उजव्या अंगठ्याने वरचे पत्र जरासे सरकवून ती खालचा पत्ता वाचत होती. तो अंगठा पोस्टमनने ओळखला. हातमोज्याचे तेवढेच एक बोट कापून काढलेले होते. जगाच्या पाठीवर कुठेही जा, टपालवाल्याचा अंगठा असाच चालतो.

"ताई, जरा थांबता?"

"रजिस्टर पत्र असेल तर उद्या ऑफिसात मिळेल," ती न थांबता म्हणाली.

"नाही, तसं नाही. मी पण टपालातलाच. चौतीस वर्षं."

ती थांबली. तिने मफलर हनुवटीखाली ओढला. चाळिशीची असेल, नाक लालभडक. "अरे वा! मग ही पिशवी धरा काका, माझा खांदा गेलाय," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "बोला, काय हवंय? उभं राहिलं की पाय गोठतात."

पोस्टमनने घसा साफ केला. चौकातल्या घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकल्याचा आवाज आला.

"मला पत्ता सापडत नाहीये," तो म्हणाला.

म्हणून झाले. आभाळ कोसळले नाही. टपालवाली त्याच्याकडे पाहत होती, जणू काही कुणी किती वाजले एवढेच विचारले होते.

"कुठला पत्ता?"

"डोळ्यांचं रुग्णालय. मुलीला आणायचंय, चारच्या आत. दोनदा येऊन गेलोय हो, पण ते कोरड्यात. रस्त्याच्या तोंडाशी लाल सायकल असते, खांबाला टेकवलेली. ती कुठे दिसेना."

"लाल सायकल? पुढे जाळीची टोपली? घंटीला दोरा बांधलेला?"

"हां, तीच!"

"अहो, ती माझी!" टपालवाली ओरडलीच. "मी तिथे लावते आणि मागच्या गल्लीतली घरं करून येते. आज बर्फ बघून ऑफिसातच ठेवली. तुम्ही माझ्या सायकलीची खूण धरलीत होय?"

पोस्टमनने कपाळाला हात लावला. जागा सोडून जाणारी खूण धरायची नाही, हा तात्यांचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. कुत्रा नाही, हातगाडी नाही, ओट्यावर बसणारा म्हातारा नाही. चौतीस वर्षे त्याने तो पाळला होता. आणि या परक्या शहरात पाच रस्त्यांच्या गर्दीत त्याचे डोळे बरोबर जाऊन कशावर बसले, तर टपालाच्या सायकलीवर. तसाच रंग, तशीच टोपली. माहेरचे माणूस दिसावे तसे झाले असणार. मग बाकी काही कशाला बघतो.

"आणि मी चार सायकली पुसल्या," तो म्हणाला.

टपालवाली इतकी हसली की जुडी छातीशी धरावी लागली. "चार! थांबा, हे मी ऑफिसात सांगणार. काका, वर बघा. खाली नाही, वर. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली."

पोस्टमनने वर पाहिले. प्रत्येक रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घराला, माणसाच्या दुप्पट उंचीवर, निळी पाटी होती आणि तिच्यावर पांढरी अक्षरे. बर्फाचा कण नाही.

"बर्फ पडला की इथे कुणी खाली बघतच नाही. पाट्या लावणारे शहाणे होते. ते बघा, डावीकडून चौथा. काय लिहिलंय?"

"दोरवाल्यांचा रस्ता."

"तोच. सरळ जा, सात मिनिटं. आज दहा धरा, घसरतंय." मग तिने जुडी पुन्हा हातावर लावत विचारले, "तुम्ही आधी कुणाला विचारलं कसं नाहीत? मी तर रोज विचारते. नव्या इमारती झाल्यात, नंबर सगळे उलटेसुलटे."

"आमच्या वेळी तसं नव्हतं. तुम्हाला बीट कुणी शिकवली?"

"फोननं. पहिल्याच दिवशी म्हणाला, डावीकडे वळा. डावीकडे नदी होती."

ती पुढच्या दाराकडे वळलीसुद्धा. पोस्टमनने कपाळाशी हात नेला, आणि तिनेही पाठमोरी असतानाच अंगठा वर केला.

दोरवाल्यांच्या रस्त्याने जाताना त्याचे मन एकदम हलके झाले होते. गंमत वाटत होती त्याची त्यालाच. साठी उलटून सहा वर्षे झाली, आणि एवढे साधे वाक्य जिभेवर यायला आजचा दिवस उजाडावा लागला. वाटेत एक माणूस दारातला बर्फ फावड्याने ओढत होता. रस्ता आता ठाऊक होता, तरी पोस्टमनने त्यालाही विचारून घेतले.

"रुग्णालय पुढेच ना?"

"पुढेच, पुढेच. सावकाश जा."

विचारायला काहीच पैसे पडत नव्हते.

दिवसाच्या विभागात पोचला तेव्हा चारला आठ मिनिटे कमी होती. खुर्च्यांच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. शेवटच्या रांगेत कडेला मुलगी बसली होती. मांडीवर पिशवी, कोटाची सगळी बटणे लावलेली. बुटांचा आवाज ऐकून तिने पट्टी बांधलेला चेहरा दाराकडे वळवला.

"बाबा?"

"मीच आहे."

"सगळ्यांत शेवटी?"

"बीट संपवूनच आलो."

ती हसली, आणि मग तिने एक मोठा श्वास सोडला. तिने तो किती वेळ धरून ठेवला होता कुणास ठाऊक. तिचा हात हवेत चाचपडत आला. पोस्टमनने तो घेतला. बर्फापेक्षा गार होता.

परिचारिका कागद घेऊन आली. "न्यायला आलेलं माणूस तुम्ही? इथे सही. इथे नातं लिहा. वाकू द्यायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, थेंब दर चार तासांनी. सगळं छान झालंय, डॉक्टर खूश आहेत. परवा पट्टी काढू. टॅक्सी बघू का?"

"आज मिळायची नाही. आम्ही जाऊ. पुलापर्यंत चालत, पुढे बस."

"जमेल ना? रस्ता माहीत आहे?"

"नसेल तर विचारू," पोस्टमन म्हणाला आणि सही केली.

"अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं!"

"भिंगरे," बाहेर पडताना तो तिच्या कानाशी म्हणाला, "आता पार्सल तू. सही करून ताब्यात घेतलंय."

मुलगी दारातच थांबली. "ऐकलं होतंत तुम्ही?"

"पोस्टमनचे कान आहेत. दारामागचं ऐकायची सवय असते."

"मी दादाला तेव्हाच झापलं होतं."

"तेही ऐकलं."

तिने त्याच्या कोपराला घट्ट विळखा घातला. बाहेर आता पूर्ण संध्याकाळ होती. दिव्यांच्या उजेडात बर्फ पिवळसर दिसत होता. "दोन पायऱ्या. एक. दोन. आता सपाट," पोस्टमन सांगत होता. मुलगी बोलत होती. डॉक्टर मध्येच गुणगुणत होते, शेजारची बाई घोरत होती, चहा पाण्यासारखा होता. भीती ओसरली की माणूस असा बोलत सुटतो. त्यानेही सायकलींची गोष्ट सांगितली. निळी सायकल आली तेव्हा ती हसता हसता म्हणाली, "बाबा पुरे, डोळ्याला धक्का बसेल." आणि लाल सायकल कुणाची ते ऐकल्यावर रस्त्यात थांबून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

चौक आला. घड्याळाला वळसा घालून ते पुढे निघाले. पोस्टमन टपालवालीच्या फोनची आणि नदीची गोष्ट सांगण्यात रंगला होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की मुलगी हुंकार देत नाहीये. तिचा हात कोपरावर होता, पण बोलणे थांबले होते.

"दुखतंय का?"

"नाही."

"दमलीस?"

"नाही बाबा. चला ना."

आणखी वीसेक पावले गेल्यावर त्याच्या नाकाला पाव भाजल्याचा वास आला. गरम, खमंग वास, आणि तो समोरून येत होता. येताना पुलापासून चौकापर्यंत असा वास कुठे नव्हता. पोस्टमन थांबला. त्याने खाली पाहिले नाही. वर पाहिले. निळ्या पाटीवर लिहिले होते, भट्टीचा रस्ता.

"जरा मागे जाऊ या आपण," तो म्हणाला.

"बरं," मुलगी म्हणाली.

एवढेच. चौकात परत आल्यावर त्याने पाचही पाट्या वाचल्या, पूल शोधला, आणि दोघे कठड्याच्या बाजूने सावकाश पलीकडे गेले. बस उभीच होती. ड्रायव्हर दुपारचाच. पट्टी बांधलेल्या मुलीला पाहून तो म्हणाला, "या, बसा. आज गाडी अशी नेतो की दुधावरची साय हलणार नाही." आणि खरोखरच तशी नेली.

गल्लीच्या तोंडाशी ते उतरले तेव्हा शेजाऱ्यांनी बर्फ काढून वाट केलेली होती. पण जेमतेम एका माणसाची. दोन्ही बाजूंना गुडघाभर पांढऱ्या भिंती. शेजारी शेजारी चालणे शक्य नव्हते.

"मी पुढे होतो," पोस्टमन म्हणाला. "तू माझ्या पिशवीचा पट्टा धर."

ती मागे झाली. पिशवी त्याने उजव्या खांद्याला लावली होती, नेहमीसारखी. चौतीस वर्षांच्या ओझ्याने तो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली उतरला होता आणि पिशवी रिकामी असली तरी वर येत नव्हता. मुलीने चाचपून पट्टा धरला.

दोघे चालू लागले.

"तुला मगाशी कळलं होतं ना?" पोस्टमनने विचारले.

"काय?"

"भट्टीकडे वळलो ते."

"वळल्या वळल्या. रोज पाव आणते मी तिथून."

"मग बोलली नाहीस?"

मागून पट्टा हलकासा ओढला गेला.

"आज तिसरा दिवस ना, बाबा."

पोस्टमन चालत राहिला. तिसऱ्या दिवशी नव्या माणसाने मागे वळून पाहायचे नसते. पायाखाली बर्फ करकरत होता. उजवीकडची तीन दारे गेली, डावीकडचा जिना गेला, आणि चौथ्या दाराशी तो थांबला. वर पाहून त्याने नंबर वाचला. स्वतःच्या मुलीच्या घराचा नंबर त्याने पहिल्यांदाच वाचला होता.

"आलो?" मुलीने विचारले.

"आलो."

"मग उद्यापासून मी येत नाही," ती म्हणाली.

किल्ली खिशात होती, पण आधी त्याने हातमोजा काढला. दाराच्या टपालपेटीवर बर्फाचा थर बसला होता आणि तिची फट बुजून गेली होती. अंगठ्याने ती फट त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट मोकळी केली. मग दार उघडले.